हाक मारल्याशिवाय

भिमाजी आणि रतनबाई सुदुंबऱ्याला आमच्या शेजारी राहत. पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तिच्यातलं थोडं मी पाहिलं, बाकीचं रतनबाईनं नंतर सांगितलं. मला ते नीट मांडता येईलच असं नाही.

भिमाजीला कंपवात होता. उजवा हात थरथरायचा, पाऊल लवकर उचलायचं नाही. रात्री अंथरुणात स्वतःहून कूसही बदलता यायची नाही. रतनबाई शेजारी झोपायची आणि त्याला वळवून द्यायची. जागेपणी ज्याला पेला धरवत नसे, तो झोपेत मात्र जोरजोरात हातपाय झाडायचा. सकाळी चहा पिताना हसत स्वप्न सांगायचा.

"काल भुईमुगात डुक्कर शिरलं व्हतं. असा बुक्का हाणला त्याला!"

"मग? पळालं का?" गालाला पदर लावून रतनबाई विचारायची.

एकदा तिच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं, तेव्हा तिनं ते म्हशीवर ढकललं. म्हशीनं शिंग मारलं म्हणाली. भिमाजीच्या जिवाला ते इतकं लागलं, की पुढच्याच बाजाराला त्यानं म्हैस चाकणला पाठवून विकायला लावली. घरचं दूध गेलं.

पुढं काही दिवसांनी तिचा थोरला भाऊ सोपान आंबीहून आला. पुतणीच्या हळदीला तिला न्यायचं होतं. मी भिमाजीला पेपर वाचून दाखवायला रोज जात असे, तसा ओसरीवर बसलो होतो.

"न्हाई जमायचं, दादा," रतनबाई म्हणाली. "ह्यांना रातचं वळवायचं कुणी?"

सोपान तिच्या तोंडाकडे बघत होता. "ओठ का गं सुजलाय?"

"म्हशीनं..." ती बोलून गेली.

"कंच्या म्हशीनं? गोठा तर रिकामा हाय." तो भिमाजीकडे वळला. "काय दाजी, हातात पेला ठरंना तुमच्या, आन् बायकूवर बरा हात चालतो!"

भिमाजीच्या चेहऱ्यावर आजारामुळं काही उमटत नसे. तो नुसता आपल्या थरथरत्या हाताकडे बघत राहिला. मग रतनबाईला म्हणाला, "आगं, ते डुकराला हाणलं म्हन्तो... ती तू व्हतीस?"

"झोपंतलं काय धरायचं? तुमाला तरी काय ठावं असतंय?"

सोपान खाली बघू लागला. माझ्या हातात पेपर होता, त्याच्या मी उगाच घड्या घालत बसलो.

सोपान एकटाच परत गेला. त्याच संध्याकाळी भिमाजीनं आपलं अंथरूण ओसरीवर घालायला लावलं. रतनबाई भांडली, रडली. त्यानं गळ्याची शपथ घातली, हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

"वळायचं झालं तर हाक मारीन की," तो म्हणाला.

ती दाराच्या आत बसून राहिली. सगळं गाव निजलं तरी तिचा कान बाहेरच होता. हाक काही आली नाही.

उजाडल्यावर ती बाहेर आली. ज्या कुशीवर निजवला होता, त्याच कुशीवर तो होता. कान लाल झाला होता, गालावर घोंगडीची वीण उमटली होती. डोळे उघडे होते.

"झोप लागली का?" तिनं विचारलं.

"लय. तुला?"

"मला बी," ती म्हणाली, आणि त्याला वळवायला वाकली.