बाराशे रुपयांची बोर्दो

अभिमन्यूला वाइनमधलं सगळं कळत होतं, फक्त ती प्यायची राहिली होती. बीडच्या एका कोचिंग क्लासमध्ये तो इंग्रजी शिकवायचा आणि गेले तीन महिने मोबाइलवर 'स्वस्तात फ्रेंच रेड वाइन कशी निवडावी' याचे धडे गिरवत होता. कारण क्लासचे मालक सुंदरराव. सात दिवसांत नऊ देश उरकणाऱ्या सहलीत ते दीड दिवस पॅरिस बघून आले होते आणि तेव्हापासून इकडच्या कशालाच चव नाही म्हणून हळहळत होते. केजला नवी शाखा निघत होती. तिचा प्रमुख कोण, हे तेच ठरवणार होते आणि रविवारी दुपारी ते अभिमन्यूकडे जेवायला येणार होते. ही जागा हुकली तर आणखी दहा वर्षं फळ्यावर 'ही गोज, दे गो' लिहीत बसावं लागेल, याची त्याला धास्ती होती.

पुण्याहून येणाऱ्या मित्राकडून त्याने बाराशेची बोर्दो ही फ्रेंच रेड वाइन मागवली. मोबाइलवरच्या तज्ज्ञांनी एवढ्या पैशात हीच घ्या असं बजावलं होतं. बूच कसं काढायचं, हे मात्र कोणी बीडच्या हिशोबाने सांगितलं नव्हतं. शेवटी तो बाटली पिशवीत घालून गल्लीतल्या अशफाकच्या गॅरेजवर गेला. अशफाकने एक लांब स्क्रू आणि पक्कड पुढे सरकवली.

"मी दारूला हात लावत न्हाई बे, तूच फिरव, तूच ओढ. बाराशे घेतले अन् झाकन बी धड दिलं न्हाई?"

घरी आल्यावर त्याने वाइन सरबताच्या काचेच्या जगमध्ये ओतली. तज्ज्ञांच्या भाषेत तिला तासभर 'श्वास' घेऊ द्यायचा होता, म्हणजे उघडी ठेवायची होती.

"काय हाय रे हे?" आईनं, दगडाबाईनं विचारलं.

आईसमोर दारूचं नाव काढायची त्याची छाती नव्हती. "द्राक्षाचा रस हाय माय. परदेशी. सरांसाठी," असं म्हणून तो सुंदररावांना आणायला चौकात गेला.

सुंदरराव आले, खुर्चीत ऐसपैस बसले. दगडाबाईनं दोन ग्लास भरून आणले आणि लेकाच्या कानाशी लागली. "तुला फसवलं रे कुनीतरी. लई आंबट व्हता, तोंड वाकडं झालं माझं. पावन्याला असं देतेत का? गूळ टाकला, इलायची बी टाकली."

अभिमन्यूने ग्लास परत घ्यायला हात पुढे केला. पण सुंदररावांनी ग्लास तोंडाला लावलाही होता. त्यांनी डोळे मिटले. घोट तोंडात घोळवला. आता केज गेलं, हे अभिमन्यूने गृहीतच धरलं.

"वा!" सुंदरराव म्हणाले. "हीच ती! आयफेल टॉवरखाली हीच प्यायलो होतो मी. अन् मागून तो मसाल्याचा वास येतोय ना, तो तिथल्या मातीचा गुण हाय. आपल्याकडं न्हाई जमायचं ते."

"न्हाईच जमायचं सर," अभिमन्यू म्हणाला.

"केज तुमचं," सुंदररावांनी ग्लास रिकामा करत जाहीर केलं. " उद्घाटनाला मोठी माणसं येतेत, अशाच सहा बाटल्या मागवा. पन हीच चव पाहिजे, दुसरी चालायची न्हाई."

अभिमन्यूला हसावं की रडावं कळेना. तीन महिन्यांचा अभ्यास पाण्यात गेला होता आणि केजची जागा आईनं मिळवून दिली होती. तो लगबगीने स्वयंपाकघरात गेला.

"माय, गूळ किती टाकला व्हतास?"

"आता मापून कोन टाकतंय बाबा?" दगडाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "आला हातात तेवढा टाकला."