काळ्या शर्टांवरची पावडर

लाँड्रीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या काळ्या शर्टांवर पांढरी पावडर बसली आणि दोष मावशींवर आला. ती पावडर कुठून आली हे तेव्हा सगळ्या गल्लीत एकट्या धाकट्याला ठाऊक होतं, आणि तो मूग गिळून बसला.

धाकटा म्हणजे लाँड्रीवाल्या ताईचा धाकटा भाऊ. वय चाळिशीला टेकलं, डोक्यावरच्या केसांनी रजा घ्यायला सुरुवात केली, तरी गल्लीत तो धाकटाच. नोकरी जवळच्या तेल कारखान्यात, कंट्रोल रूममध्ये, पडद्यांसमोर. कच्च्या तेलातलं हलकं तेल निघून गेल्यावर तळाशी जो जड माल उरतो, तो फोडून कामाचे वायू काढणाऱ्या युनिटवर तो बसायचा. त्या वायूंत प्रॉपिलीन साहेबांचं सगळ्यात लाडकं, कारण त्यापासून बादल्या, चटया, इंजेक्शनच्या सिरिंजा, काय वाटेल ते बनतं. फोडण्याचं काम करते एक पावडर. पुस्तकात तिला उत्प्रेरक म्हणतात, कारखान्यात नुसतीच पावडर. अंगाला लावायच्या पावडरीइतकी बारीक आणि इतकी तापलेली, की तेल तिला भेटलं की क्षणात त्याचे तुकडे होतात. त्या झटापटीत तिच्यावर काजळी बसते. मग दुसऱ्या भांड्यात हवा सोडून ती काजळी जाळायची आणि पावडर पुन्हा कामाला जुंपायची. चोवीस तास हाच उद्योग.

हवा किती सोडायची याला मर्यादा असते. जास्त सोडली तर धुराबरोबर पावडरही चिमणीतून बाहेर पडते. हे धाकट्याने झोपेतसुद्धा बरोबर सांगितलं असतं. पण त्या दिवशी आधीच्या पाळीने प्रॉपिलीन भरघोस काढलं होतं, तो आकडा भिंतीवर झळकत होता, आणि पाळीप्रमुखाची जागा लवकरच रिकामी होणार होती. धाकट्याने तापमान चढवलं. तेल जास्त फुटलं, काजळी जास्त बसली, ती जाळायला हवा जास्त सोडावी लागली. चिमणीच्या धुराचा मीटर बोंबलू लागला. त्या मीटरची काच कायम मळलेली, सगळेच त्याच्या नावाने बोटं मोडायचे. धाकट्यानेही मोडली आणि भोंगा बंद केला. पण शेजारच्या पडद्यावर पावडरची पातळी खाली खाली चालली होती, आणि तिथे कुठली काच मळलेली नव्हती. तीही त्याने पाहिली. पाळी संपेपर्यंत निभेल, असं स्वतःलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईकडे चहाला बसला होता, तेवढ्यात हॉटेलचा मॅनेजर गठ्ठा घेऊन आला आणि त्याने तो टेबलावर आपटला. त्याच्या वाढप्यांचे काळे शर्ट. खांद्यांवर, कॉलरच्या घडीत पांढुरकी झाक, आणि वरून इस्त्री फिरल्यामुळे पार रुतून बसलेली.

"साबणसुद्धा नीट काढता येत नसेल तर दुकान कशाला थाटलंय?" मॅनेजर म्हणाला. "पुन्हा असं झालं तर दुसरीकडे देईन कपडे."

धाकट्याने एक कॉलर चिमटीत धरली. साबण ओल्या बोटांत विरघळतो. हे विरघळलं नाही, बोटांत कचकचलं. त्याने कॉलर सोडून दिली.

ताईने धुण्याच्या टाकीकडे हाक मारली आणि मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मावशी नात्याने कुणाच्याच नव्हत्या. लाँड्री उघडली तेव्हापासून त्या टाकीशी उभ्या होत्या आणि गल्लीची मावशी झाल्या होत्या.

"मावशी, कितीदा सांगितलं, काळे कपडे पुन्हा पुन्हा खळबळा म्हणून!"

"खळबळले होते गं." मावशींनी शर्ट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मॅनेजरने त्यांना खांद्यावरची पांढरी झाक बोटाने दाखवली. मावशी खाली बघत म्हणाल्या, "दिसलं नसेल मला."

"मग आता घरीच बसा," ताई म्हणाली. तिचा आवाज चढलेला होता, कारण मॅनेजर समोर होता.

धाकट्याने तोंड उघडलं, ते चहा प्यायला.

कारखान्यात त्या दिवशी बैठक झाली. गल्लीतल्या मोटारींवरही पावडर होती, चार लोक फाटकाशी येऊन विचारून गेले होते. पाळीप्रमुख म्हणाले, "वाऱ्याने धूळ उडाली. कळलं ना सगळ्यांना?" सगळ्यांना कळलं. धाकट्याने मान सगळ्यात आधी डोलावली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही आपण गप्पच आहोत याची त्याहून जास्त. पुढचे काही दिवस त्याला घास गोड लागला नाही. डोळे मिटले की मावशी शर्ट जवळ नेताना, लांब धरताना दिसायच्या.

शेवटी तो ताईकडे गेला आणि म्हणाला, "ताई, तो साबण नव्हता."

ताई इस्त्री करत होती. तिने मानही वर केली नाही. "माहीत आहे. त्याच संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर हात फिरवला, तर कठडाही पांढरा. कठडा काय मावशींनी साबणाने धुतला होता?"

"मग त्यांना परत का नाही बोलावलंस?"

"बोलावून काय सांगू? माझ्या भावाच्या कारखान्याने घाण केली म्हणून? मॅनेजर तक्रार करील, चौकशी होईल, आणि त्या वेळी पाळी कुणाची होती?" तिने इस्त्री उभी ठेवली. "मावशींना दुसरं काम मिळेल. तुला ही नोकरी पुन्हा मिळणार नाही. मी तुझा विचार केला, झालं. आता तू शहाणपणा करू नकोस."

ताईने आपल्यासाठी हे केलं, याने त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट आता एकाच्या जागी दोघं गुन्हेगार झाले. तो तसाच उठला आणि मावशींच्या घरी गेला. जाताना त्याने मनात हिशेब केला होता, तो सांगायला हरकत नाही: मावशींना एकटं गाठायचं, खरं सांगायचं, पाया पडायचं. त्यांचं मन हलकं होईल, आपलंही होईल, आणि कारखान्यात कुणाला काही कळायचं कारण नाही.

मावशी दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहत. त्या खिडकीशी बसून तांदूळ निवडत होत्या. निवडलेले तांदूळ पुन्हा ताटात ओतून पुन्हा निवडत होत्या.

"ये रे. जरा बघ बरं, खडे राहिलेत का? माझा काही भरवसा नाही आता."

एकही खडा नव्हता.

"बाकीची दोन घरंही सोडली मी," त्या म्हणाल्या. "उगाच कुणाचे चांगले कपडे वाया जायला नकोत. आणि नातीला शाळेतून आणायचे ना, तेही बंद केलं. रस्ता ओलांडताना काही दिसलं नाही तर?"

धाकट्याने सगळं सांगितलं. पावडर, हवा, भोंगा, पातळी, सगळं. मावशी ऐकत राहिल्या, मग त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लहानपणापासून मऊ मनाचा आहेस तू. म्हातारीला बरं वाटावं म्हणून केवढी गोष्ट रचलीस!"

"रचली नाही, मावशी. शपथेवर सांगतो."

"असू दे. पण डोळे माझेच गेलेत, ते मला कळतंय."

स्वस्तात सुटायचा बेत होता, तो फसला. त्याने खिशातून फोन काढला, पाळीप्रमुखांना लावला आणि आवाज मोठा करून ताटाशेजारी ठेवला.

"साहेब, त्या दिवशी हवा मी वाढवली होती. पावडर चिमणीतून गेली. भोंगा मी बंद केला. हे मी लिहून देणार आहे."

पलीकडून साहेबांचा दबका आवाज आला. "डोकं फिरलंय का तुझं? धूळ म्हणायचं ठरलंय ना? सगळ्यांना घेऊन बुडशील. कोण आहे तिथे? फोन ठेव आधी!"

फोन बंद झाला. धाकट्याच्या शपथेने जे झालं नव्हतं ते साहेबांच्या घाबरण्याने झालं. मावशींनी ताट बाजूला सारलं.

"म्हणजे मी नीट खळबळले होते."

"हो."

"आणि तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. तुम्ही शर्ट हातात धरून उभ्या होतात तेव्हापासून."

तो पाया पडायला वाकला, पण त्याच्यासमोर पायच नव्हते. मावशी उठून दाराशी जाऊन चपला घालत होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "आधी हॉटेलात, मग ती दोन घरं, मग तुझी ताई. मी एक शब्द बोलणार नाही. तू बोलायचंस."

जिन्यात अंधार होता. धाकट्याने सवयीने त्यांच्या कोपराला आधार दिला.

"हात सोड," मावशी म्हणाल्या. "मला दिसतंय."