ज्याला शंका, त्यानं स्लेजमध्ये निजावं

एकेचाळीस दिवस झाले, पिरिनच्या डोंगरावर बर्फाचा कण पडला नव्हता. आभाळ निळं, निर्लज्ज निळं. रात्री यंत्रं पाणी फवारून जो काही बर्फ करत, तो पहाटेपर्यंत गोठून काच होई, आणि त्यावर चालताना बुटाखाली ताटावर नख ओढल्यासारखा आवाज येई. डोंगर रुसलेल्या बाईसारखा बसला होता. हाक मारली तरी मान वळवत नव्हता.

"पडेल," स्तोइल म्हणाला. "पिरिन बोडका राहत नाही कधी."

स्तोइल स्कीच्या उतारांवर जखमी झालेल्यांना खाली आणणाऱ्या बचावपथकाचा प्रमुख. एकतीस हिवाळे त्यानं या चौकीत काढले होते. त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक फोटो होता. त्यात हीच चौकी छपरापर्यंत बर्फात गाडलेली, फक्त धुराडं वर, आणि धुराड्याला टेकून काळ्याभोर मिशांचा स्तोइल. पथकासाठी यंदा नव्या स्की मागवताना त्याच्या डोळ्यांपुढे तोच बर्फ होता. म्हणून अकरा जोड्या आल्या त्या पायाखाली एकशेचार मिलिमीटर रुंद, टोकं होडीसारखी वर उचललेली. कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फावर तरंगायला त्यांच्यासारख्या त्याच. फक्त तरंगायला खाली काही नव्हतं.

बुधवारी नेवेना त्याच स्कीवर घसरली होती. 'तवा' नावाच्या खड्या उतारावरून ती स्लेज आणत होती. आत घोटा मोडलेली एक पाहुणी. वळणावर स्कीच्या पोलादी कडेची बर्फावरची पकड सुटली, स्लेज फिरली आणि बाजूच्या जाळीत जाऊन अडकली. पाहुणीला नुसती भीती वाटली, बाकी काही झालं नाही. पण स्तोइल विसरणाऱ्यातला नव्हता.

"पाय थकले तुझे, नेवेना. छत्तिसावं लागलं ना?"

"पाय नाही थकले, भाऊ. स्की धरत नाही."

"अकरा जणांच्या पायात तीच आहे. दहा जणांची धरते."

"दहा जणांना तव्यावरून स्लेज आणायला कुठं पाठवता तुम्ही? मलाच पाठवता."

कोपऱ्यात इस्क्रेन चहाच्या पेल्यात हसला. तो पथकातला सगळ्यात दांडगा गडी. स्तोइलनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"सोमवारी सकाळी तव्यावरून भरलेली स्लेज खाली आण. आणलीस तर स्लेजचे दांडे तुझेच. नाही आणलीस तर रोपवेच्या फाटकात उभी राहा आणि तिकिटं तपास. ऊबदार काम आहे. बायकांना मानवतं."

"माझ्या पसंतीच्या स्कीवर आणीन."

"नाचत आण ना, मला काय. पण जोडी एकच. जी घेशील ती हंगामभर. बर्फ पडला तरी तीच, चिखल झाला तरी तीच. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"तुमच्याकडे रडायला आजवर आलंय कोण?"

नेवेना दार आपटून बाहेर पडली.

बारा हिवाळे ती स्लेजच्या पुढच्या दांड्यांमध्ये उभी राहिली होती. मागे पट्ट्यांनी बांधलेला अनोळखी माणूस पडलेला असतो. त्याला ना वाट दिसते, ना दरी. त्याला दिसते ती पुढच्या माणसाची पाठ. त्या पाठीवर त्याचा सगळा भरवसा. हे सोडून फाटकात उभं राहणं म्हणजे नदीला हौदात कोंडणं.

राडकाचं दुकान रोपवेच्या पायथ्याशी होतं. आत वितळल्या मेणाचा वास आणि सिगारेटचा धूर. राडका पंचावन्नची, हातात कायम कानस, जिभेलाही तीच धार.

"या! माझ्या भाड्याच्या स्की बोथट म्हणून गावभर डांगोरा पिटणारी ती तूच ना?"

"बोथट होत्या, मावशी."

"होत्या. पण पाहुण्यांना सांगायला तुझं काय अडलं होतं?"

"त्यांना खाली मी आणते. म्हणून."

राडकानं एक स्की काढून फळीवर आदळली. "घे. शर्यतीची. पायाखाली अडुसष्ट. काचेवर तुझं नाव कोरेल."

"आणि कुणी झाडीत पडलं तर? दुपारी ऊन लागून सगळ्याची लापशी होते, तेव्हा? ही सुरीसारखी रुतून बसेल."

"मग तुझ्या भाऊंची एकशेचार आहेच की."

"ती बर्फावर बसते. मला बर्फात दात रोवणारी हवी."

"नवरा असा शोधला असतास तर आज सुखी असतीस," राडका म्हणाली. नेवेना हसली नाही.

गावातले पुरुष स्की घेताना एकच करत. टोक हातात धरायचं, मध्ये गुडघा द्यायचा, वाकवायची आणि मान डोलवून म्हणायचं, "कडक आहे." नेवेनानं स्कीचं शेपूट दोन बुटांत दाबलं, टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ओल्या चादरीसारखं पिळलं.

"धुणं वाळत घालतेस काय?"

"वाकायला सगळ्याच वाकतात. पीळ कोण खात नाही ते बघते. टोक पिळलं गेलं की कड सुटते, मावशी. बुधवारी तेच झालं."

राडकानं सिगारेट विझवली. आणि भिंतीवरच्या सगळ्या स्की खाली काढल्या.

नेवेना एकामागून एक पिळत गेली. शेवटी दोनच उरल्या. एक पायाखाली अठ्ठ्याऐंशी, आत नुसतं लाकूड, हलकी, हातात पाखरासारखी. दुसरी चौऱ्याऐंशी, लाकडाच्या वर-खाली धातूचा पत्रा, टोक जेमतेम उचललेलं, आणि जड.

"दोन्हीची एकेक ने," राडका गुरगुरली. "वेगवेगळ्या पायात घाल. चहा निवायच्या आत कळेल. आणि ओरखडा आणलास तर तुझ्याच पाठीवर काढीन."

डाव्या पायात हलकी, उजव्यात जड, अशी नेवेना तव्यावर उभी राहिली. वरून रोपवेच्या पाळण्यात बसलेले लोक बोटं दाखवून हसत होते. उजवीकडे वळताना भार डाव्या पायावर आला, आणि हलकी स्की हीव भरल्यासारखी थडथडली. दात वाजत होते तिचे. डावीकडे वळताना भार उजव्यावर आला. आवाज थांबला. मागे वळून पाहिलं तर काचेवर काजळाच्या बोटानं ओढावी तशी एक बारीक रेघ उठली होती.

पण जड स्कीला लाड ठाऊक नव्हते. जरा मागे रेललं की ती ओढून नेई. तिसऱ्या फेरीला नेवेनाच्या मांड्या पेटल्या. झाडीत, कुजक्या बर्फात, ती कुरकुरत वळली, पण वळली. भुसभुशीत बर्फ पडला तर ही हाल करील, हे नेवेनाला कळत होतं. पडला तर.

संध्याकाळी राडकानं जड जोडीच्या कडांवर कानस फिरवली. "नख दे," ती म्हणाली. नेवेनानं अंगठा पुढे केला. कड नखावरून ओढताच पांढरी साल निघाली.

"जा आता. हेही सांग गावभर."

सोमवारी सकाळी तव्याच्या माथ्यावर सगळं पथक गोळा झालं. स्लेजशेजारी वाळूची पोती रचली होती.

"पोती कशाला?" नेवेना म्हणाली. "शंका कुणाला आहे?"

सगळे स्तोइलकडे बघू लागले. या पथकात जुनी रीत होती: स्लेज आणणाऱ्यावर ज्याला शंका, त्यानं स्वतः स्लेजमध्ये निजायचं. रीत स्तोइलनंच सगळ्यांना शिकवली होती. पण त्याला कुणी ती ऐकवली नव्हती.

स्तोइलचे कान लाल झाले. "लाज सोडलीस."

"तुम्हीच म्हणता ना, बायकांना ऊबदार काम मानवतं? पांघरूण आहे आत. निजा."

कुणीतरी खोकून हसू दाबलं. स्तोइल निजला. नेवेनानं त्याचे पट्टे आवळले, श्वास अडेल इतके. मागची, वेग आवरायची दोरी इस्क्रेननं धरली. त्याच्या पायात एकशेचारच होती.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर मागे खर्रकन् आवाज आला, मग शिवी, मग काहीतरी जड घसरत गेल्याचा आवाज. इस्क्रेन पडला होता. दोरी सैल झाली आणि स्लेजचा सगळा भार दांड्यांतून नेवेनाच्या पाठीवर आला.

"जाळीत घाल!" स्तोइल ओरडला. "नेवेना, जाळीत घाल!"

"गप्प पडा, भाऊ. पेशंट बोलत नसतो."

तिनं दोन्ही स्की आडव्या टाकल्या आणि कडांवर उभी राहिली. स्की करकरली, थरथरली नाही. नेवेनाचे ओठ आपोआप हलू लागले. तिची आई ताक घुसळताना म्हणायची, त्याच चालीवर शब्द आले, कुठून कोण जाणे:

धर गं बाई धर, काचेवरी पाय धर
माझ्या पाठीमागं आहे कुणाचं तरी घर

घर तिचं वैरी होतं, पण ते तिच्या पाठीवर होतं. मांडी फाटेल असं वाटलं. ती इंचाइंचानं आडवी घसरत राहिली, मग एक वळण, मग पुन्हा आडवी. पायथ्याला स्लेज थांबली तेव्हा तिच्या तोंडात रक्ताची चव होती. ओठ चावला गेला होता.

स्तोइलनं स्वतःच पट्टे सोडायला घेतले. बक्कल सुटेना. नेवेना नुसती बघत उभी राहिली. बऱ्याच वेळानं सुटलं.

"दुसऱ्या वळणाला उशीर केलास," तो म्हणाला.

"केला."

"बर्फ पडला की या स्कीवर गळ्यापर्यंत बुडशील."

"बुडेन. तुम्ही तरंगत या मला काढायला."

इस्क्रेन बुडावर घसरत खाली पोचला. त्याला स्तोइल काहीच बोलला नाही. तेवढ्यात रेडिओ खरखरला. तव्याच्या वर, रोपवेच्या दुसऱ्या खांबापाशी, एक माणूस पडला होता. गुडघा.

स्तोइलनं आपल्या माणसांच्या पायांकडे पाहिलं. सगळ्यांच्या पायांत त्याचीच निवड होती. त्यानं खाकरून बर्फावर थुंकलं.

"नेवेना, वर जा. दोरीला कुणी नको, वेग आवरायला स्लेजखाली साखळी लाव."

ती वर पोचली, माणसाला बांधलं, पांघरूण घातलं. माणूस पांढराफटक पडला होता, दात वाजत होते. रेडिओ पुन्हा बोलला.

"तव्यावरून नको. जंगलाच्या लांबच्या वाटेनं ये."

"भाऊ, लांबच्या वाटेला पाऊण तास लागतो. हा गारठलाय. तव्यावरून आणते."

रेडिओत नुसती खरखर. नेवेना दांड्यांमध्ये उभी राहून वाट बघत राहिली. मागचा माणूस तिच्या पाठीकडे बघत होता.

"ये," स्तोइल म्हणाला, दाढ उपटून हातावर ठेवावी तसा.