दुरुस्ती करू नये

आई गेल्यावर दोन महिन्यांनी थोरलीने घर विकायला काढलं आणि घरासाठी एक चौदा पानी माहितीपुस्तिका लिहिली.

तिचा धंदाच तो होता. मिक्सर, इस्त्री, कपडे धुण्याची मशीन यांच्या खोक्यात जी पातळ पुस्तिका असते आणि लोक जी खोक्यासकट टाकून देतात, ती लिहिणाऱ्या कंपनीत ती बावीस वर्षं नोकरीला होती. तिची एकही पुस्तिका कोणी वाचल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. आई तर तोंडावर सांगायची, "तू लिहिलीयस म्हणजे बरोबरच असणार. मग मी कशाला वाचू?"

पण या घराला पुस्तिकेची गरज होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत आईने चाळीस वर्षांत एकही वस्तू दुरुस्त करून घेतली नव्हती. वस्तू बिघडत नाही, तिला स्वभाव येतो, असं तिचं ठाम मत होतं, आणि स्वभावाला औषध नसतं हे तर सगळेच जाणतात. बेल दोनदा दाबायची, कारण पहिल्यांदा दाबल्यावर ती नुसती जागी होते. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरवायचा. सुऱ्यांचा खण उघडायचा असेल तर शेजारचं कपाट आधी बंद करायचं, नाहीतर दोघांचं भांडण. मागच्या खोलीची खिडकी हिरव्या फितीने बांधायची, आणि फीत हिरवीच हवी, कारण निळी एकदा सुटली होती.

सगळ्यांत मानी होतं ते पुढचं दार. किल्ली फिरवायची, मूठ वर उचलायची आणि उजव्या कमरेचा एक दणका द्यायचा. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी आईचा नेम चुकत नसे. धप्प असा आवाज झाला की तळमजल्यापर्यंत कळायचं, बाई घरी आल्या.

धाकटा भाऊ दूर राहत होता. त्याने फोनवर तिला तीन महिन्यांची मुदत दिली होती. तोवर गिऱ्हाईक मिळालं नाही तर एक कंपनी घर घ्यायला तयारच होती. ती कंपनी घरं घेते, आतून कांद्यासारखी सोलते, पांढरीफेक करते आणि पुन्हा विकते. थोरलीने तसं एक घर पाहिलं होतं. दवाखान्यात आल्यासारखं वाटून तिने दारातच चप्पल काढली होती आणि रांग कुठे आहे ते शोधलं होतं. आईचं घर कोणीतरी राहायला घ्यावं, सोलायला नाही, एवढंच तिला हवं होतं. ते सोडून ती बाकी बरंच बोलली, तेव्हा धाकटा म्हणाला, "ताई, तू घर विकतेयस की मुलगी देतेयस?"

एजंट मिळाला तो हसतमुख, चाळिशीचा, कायम नव्या शर्टाची घडी पडलेला. त्याला सगळंच चकाचक दिसायचं. जिना चकाचक, उजेड चकाचक, पोपडे आलेली भिंतसुद्धा 'रंग दिला की चकाचक'. समोरच्या घरातल्या काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव चकाचक ठेवून टाकलं. थोरलीने त्याच्यापुढे एक कागद ठेवला: विकणाऱ्याने एजंटकडून काय अपेक्षा ठेवावी. वेळेवर यावं. जाहिरातीत खोटं लिहू नये. घर बघायला आलेले लोक काय म्हणाले ते जसंच्या तसं कळवावं. पुस्तिका वाचावी. घरातलं काही बदलू नये. चकाचकने न वाचता सही केली आणि पुस्तिका बॅगेत टाकली. बॅगेत ती जिथे गेली तिथून काही परत येत असेल असं तिला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी जाहिरात आली. खिडकी लागत नव्हती, त्याचं 'चोवीस तास मोकळी हवा' झालं होतं. स्टुलावर चढून मान तिरकी केली तर दूरवर दोन बोटं पाणी दिसायचं, त्याचं 'नदीकाठचं घर'. थोरलीने फोन केला. त्याने सारं ऐकून घेतलं आणि 'नदीकाठचं' खोडून 'नदी ओळखीची असलेलं' असं केलं.

लोकांचं म्हणणं मात्र तो खरंच जसंच्या तसं कळवायचा, आणि ते तिला जास्त जड गेलं. एक बाई म्हणाल्या, घराला कोणाच्यातरी कपाटाचा वास येतो. एक गृहस्थ बेल एकदाच दाबून पंधरा मिनिटं उभे राहिले आणि परत गेले. एका तरुण जोडप्याने नळ सरळ फिरवला आणि ओलेच्या ओले घरी गेले. जाताना ते काय म्हणाले तेही चकाचकने शब्दशः कळवलं, मग दिलगिरी व्यक्त केली, मग पुन्हा एकदा शब्दशः सांगितलं, कारण पहिल्यांदा एक शब्द राहिला होता.

सगळ्यांत मोठा घोळ न्हाणीघरात झाला. न्हाणीघर किती ऐसपैस आहे ते पटवायला चकाचक एका जाडजूड कुटुंबाला, आईवडील आणि त्यांच्या तीन थोराड मुली, एकदम आत घेऊन गेला. कोणीतरी दार लोटलं आणि आतली कडी पडली. थोरली बाहेरच्या खोलीत होती. तिने दाराबाहेरून पान नऊ तोंडपाठ म्हणून दाखवलं. दार स्वतःकडे ओढा. कडी वर करा. अंगठा खालून लावा. हळूहळू डावीकडे सरकवा. आतून धडपड, मग कोणाच्या तरी पायावर कोणाचा तरी पाय, मग पुन्हा धडपड. खरं तर पाचवी पायरीही होती. पण ती तिने पुस्तिकेत लिहिली नव्हती, आणि परक्या माणसांना दाराआडून सांगण्यासारखी तर मुळीच नव्हती. तिने पान नऊ पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. चाळीस मिनिटांनी ते वडील शिंकले आणि त्या हिसक्याने कडी निघाली. कुटुंब बाहेर आलं ते न बोलता जिना उतरून गेलं. एवढं एक म्हणणं मात्र चकाचकला कळवावं लागलं नाही.

मुदतीचे नऊ दिवस उरले. दर दहा मिनिटांनी धाकट्याचा फोन यावा अशी त्याची लय झाली होती. अशात एका दुपारी चकाचकने निरोप पाठवला की एक चांगलं गिऱ्हाईक आलंय, तुम्ही आलात तर बरं, आणि तुमच्यासाठी एक चकाचक बातमीही आहे.

थोरली ऑफिसमधून तडक निघाली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात आईच्या उरलेल्या औषधांची, दुकानदाराने परत न घेतलेली पिशवी. जिना चढून तिने किल्ली फिरवली, मूठ वर उचलली आणि उजव्या कमरेचा दणका दिला.

दार नव्हतंच जणू. ते लोण्यासारखं उघडलं आणि थोरली त्यातून आत गेली, बैठकीची खोली अर्धी ओलांडली, वाटेत स्टूलही सोबत घेतलं आणि एका अनोळखी गृहस्थाच्या पायांशी जाऊन थांबली. औषधाच्या गोळ्या खोलीभर उधळल्या. गृहस्थांनी एक पाय उचलला, मग तो ठेवायला जागा नाही म्हणून तसेच राहिले.

"या घराच्या मालकीणबाई," चकाचकने ओळख करून दिली.

गृहस्थांची बायको, पन्नाशीची, आखूड केसांची, तिने थोरलीला दंडाला धरून उठवलं. ती गाडी चालवायला शिकवायची; लोक समोर येऊन आदळणं तिला नवीन नव्हतं. "ब्रेक लागला नाही वाटतं," ती म्हणाली.

थोरलीने दाराकडे पाहिलं. कडेला ताजा रंधा मारलेला, बिजागऱ्या नव्या, खाली लाकडाचा भुगा. उघडझाप करून दाखवत चकाचक सांगत होता की सकाळीच मिस्त्रीला बोलावलं, स्वतःच्या खिशातून केलं, तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो तर बसलाच होता.

"मी लिहून दिलं होतं," थोरली म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "पान तीन. तुम्ही उघडूनसुद्धा पाहिली नाहीत."

चकाचकने बॅग उघडली. पुस्तिका बाहेर आली ती कोपरे मुडपलेली, चहाचे डाग पडलेली, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केलेली. हिरव्या फितीशेजारी त्याने लिहिलं होतं, 'तपासलं, खरं आहे.' बावीस वर्षांत तिने स्वतःची वापरलेली पुस्तिका पहिल्यांदाच पाहिली. तिला ओळख पटायला वेळ लागला.

"न्हाणीघरातून सुटलो त्या रात्री सगळी वाचली, ताई. दोनदा," तो म्हणाला. चेहऱ्यावरचं हसू प्रथमच जागेवर नव्हतं. "दुरुस्ती करू नये, असं लिहिलंय. का करू नये, ते कुठेच नाही. मला वाटलं, खर्चाला घाबरत असाल."

पुस्तिकेत 'का' लिहायचं नसतं, हा तर धंद्याचा पहिला नियम. वापरणाऱ्याला कसं ते सांगावं, का ते नको. थोरली खाली वाकून गोळ्या वेचू लागली. सहा-सात वेचून झाल्यावर म्हणाली, "आई अशी आत यायची. तो आवाज झाला की आम्ही अभ्यासाला बसायचो."

 गृहस्थांनी वर धरलेला पाय अगदी अलगद खाली ठेवला आणि तेही गोळ्या वेचू लागले.

मिस्त्री कोपऱ्यावरच होता. चकाचकने त्याला परत आणला आणि दार होतं तसं बिघडवून द्यायला सांगितलं. मिस्त्रीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तीस वर्षं या कामात गेली, त्यात कामं माझ्या हातून बिघडली असतील, पण बिघडवण्याची सुपारी कोणी दिली नव्हती, असं म्हणून त्याने जुन्या बिजागऱ्या पिशवीतून काढल्या.

पुढचा दीड तास सगळे आळीपाळीने दारावर कंबर आपटत होते. पहिल्या खेपेला दार उघडलंच नाही आणि चकाचक बाहेर राहिला. दुसऱ्या खेपेला ते डाव्या कमरेला उघडायला लागलं. मिस्त्री पट्टी ठोकत विचारायचा, "अजून थोडं वाईट करू?" समोरच्या काकू दार किलकिलं करून बसल्या होत्या. बाईंचा दणका उजवीकडून, पण जरा वरून असायचा, असं त्यांनी पुरवलं आणि स्वतः करून दाखवताना आत आल्या त्या मग बसल्याच. गाडी शिकवणाऱ्या बाईंनी एकदाच प्रयत्न केला आणि पहिल्या दणक्याला आत आल्या. त्यांच्या शिकवणीच्या गाडीचा क्लच असाच होता म्हणे. अकरा वर्षं कोणा मेकॅनिकला त्याला हात लावू दिला नव्हता. नवऱ्याने मान हलवली. त्याला तर गाडीतही बसू दिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मिस्त्री म्हणाला, आता बघा. थोरली बाहेर गेली. किल्ली फिरवली, मूठ उचलली, दणका दिला. दार उघडलं. आवाजही झाला.

ती उंबऱ्यात उभी राहिली. आवाज धप्प नव्हता, ठप्प होता. अडकणं बरोबर होतं, जागा बरोबर होती, पण ते कोणाचंही नव्हतं. आत्ता मिस्त्रीने केलं होतं एवढंच.

"नाही का जमलं?" चकाचकने विचारलं.

"जमलं," ती म्हणाली. "पण राहू दे. सरळ उघडेल असंच करून द्या."

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली आणि चहा मागितला. ते कोणाला वावगं वाटलं नाही.

चहा होता होता गाडी शिकवणाऱ्या बाई घरभर हिंडल्या. नळ उलटा फिरवून बघितला, खण आणि कपाट यांची भांडणं लावून बघितली. मग थोरलीला स्पष्ट म्हणाल्या, की घर आम्हाला हवंय. भिंतींना रंग देऊ, खिडकीचं बघू, सगळंच तुमच्या आईसारखं ठेवेन असं कबूल करणार नाही. पण ही पुस्तिका मात्र घरासोबत पाहिजे. तेवढ्यावर थोरलीने घर यांनाच द्यायचं ठरवून टाकलं. सोलणारी माणसं पुस्तिका मागत नाहीत.

तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की चकाचक दिसत नाही. न्हाणीघरातून ठकठक आली. तो हात धुवायला गेला होता.

"पान नऊ," आतून आवाज आला. "चारही पायऱ्या केल्या, ताई. दोनदा केल्या."

थोरली दाराजवळ गेली. मागे बाई, त्यांचा नवरा, मिस्त्री आणि काकू, सगळे कप घेऊन उभे होते. तिने घसा साफ केला.

"पाचवी आहे," ती म्हणाली. "अंगठा लावून ठेवायचा आणि कडीला म्हणायचं, सोड गं बाई, माझं दूध उतू जाईल. घाई न करता म्हणायचं. वाक्य संपेपर्यंत अंगठा काढायचा नाही."

 मग चकाचकने कडीला, अगदी मनापासून, दूध उतू जात असल्याचं सांगितलं.

कडी सुटली. गाडी शिकवणाऱ्या बाईंनी नवऱ्याच्या खिशातलं पेन काढलं, पुस्तिका उघडली आणि पान नऊच्या खाली, थोडी जागा होती तिथे, लिहायला घेतलं. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "सोड गं बाई की सोड बाई?"

"सोड गं बाई," थोरली म्हणाली. "'गं' लागतोच."