एका वेळी एकच दोष

माझे बाबा वाहन तपासनीस होते. नोकरीभर ट्रकखाली वाकून त्यांनी ब्रेक, टायर आणि दिवे पाहिले, आणि कधी कुणाकडून लाच खाल्ली नाही. हे ते इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, खाल्ली असती तर बरं झालं असतं, निदान तोंड भरलेलं राहिलं असतं. त्यांची एक पद्धत होती. गाडीत चार-पाच दोष दिसले तरी सांगायचा एकच. ड्रायव्हर तो दुरुस्त करून परत रांगेत उभा राहिला की दुसरा. मग तिसरा. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, सगळे एकदम का नाही सांगत म्हणून. ते जेवत होते. "सगळे एकदम सांगितले की माणूस एकदाच वाकतो," ते म्हणाले आणि आमटी वाढायला सांगितली.

निवृत्त झाल्यावर त्यांना वाकवायला कोणी उरलं नाही. शेजारीपाजारी त्यांना येताना पाहिलं की फाटक ओढून घेत. मग माझी थोरली बहीण नवऱ्याला सोडून, दीड वर्षाच्या ढब्बूला कडेवर घेऊन घरी परत आली, आणि बाबांना भावोजी सापडले.

ताईचं आणि भावोजींचं का बिनसलं, ते मला आजही नीट माहीत नाही. ताई सांगायची ते कारण दर वेळी नवं असायचं. बाबांनी तिला विचारलंच नाही. ते जावयाला पहिल्यापासून पाण्यात पाहत. भावोजी एका काचेच्या दुकानात काचा कापायचे आणि घरोघर जाऊन खिडक्यांना बसवायचे. उभी काच सायकलला बांधून भर बाजारातून न्यायची आणि तडासुद्धा जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची ख्याती. पण ख्याती सायकलवरची, म्हणजे बाबांच्या हिशेबी शून्य.

दोघांचा समझोता एका समुपदेशक बाईंच्या खोलीत झाला. ढब्बू ताईकडे राहील आणि दर रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बापाकडे जाईल. भावोजींची खोली नदीपलीकडे, पार टोकाला. तिकडे रविवारी बस नसते, त्यामुळे नेणं-आणणं सायकलवर. तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, की 'सुरक्षित वाहनावरून' असे दोन शब्द घाला, नातीची काळजी वाटते. आणि वाहन सुरक्षित आहे की नाही, ते मी बघेन, माझं कामच ते. बाईंना ते पटलं. भावोजींना तर इतकं पटलं की त्यांनी उठून बाबांच्या पाया पडून घेतलं.

पहिल्या रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. सायकलच्या दांड्यावर त्यांनी छोटी गादी शिवून बसवली होती. ताईने ढब्बूला बूट घालून पायरीवर उभी केली होती. बाबा आतून आले ते ऑफिसचे बूट घालून, हातात बॅटरी घेऊन. लख्ख ऊन होतं. ढब्बू बापाकडे धावली तर बाबांनी तिला दंडाला धरून मागे घेतलं; तपासणी चालू असताना वाहनाजवळ मूल नको. मग सायकलभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, दांड्यावर मूल बसवत नाहीत, ब्रेक लागला की ते हँडलवर आपटतं. मागची बैठक लागते, पाठ टेकता येईल अशी. नापास.

भावोजी म्हणाले, खरं आहे, चुकलंच माझं. मग आज सायकल इथेच ठेवतो आणि हिला खांद्यावर बसवून चालत नेतो. ताई खिडकीत उभी होती. ती म्हणाली, ठरलंय ते वाहन, खांदा म्हणजे वाहन नव्हे. ढब्बू हात पुढे करून रडत होती. तिला आत नेलं तरी बराच वेळ रडत होती.

पुढच्या रविवारी मागे बैठक होती, उंच पाठीची. बाबा म्हणाले, पायाशी आडोसा नाही, पोरीचा पाय चाकाच्या तारांत जाईल. त्यापुढच्या रविवारी दोन्ही बाजूंना आडोसे होते. बाबा म्हणाले, पट्टा नुसता कमरेला आहे, खांद्यावरून हवा. मग खांद्यावरून पट्टा आला, तेव्हा त्यांना चालकाच्या सीटखालच्या उघड्या स्प्रिंगा दिसल्या. मागे बसलेलं मूल तिथेच बोटं घालतं आणि चालक बसला की बोटं चेंगरतात. स्प्रिंगा झाकल्या, तर हेल्मेट मोठं निघालं. हेल्मेट बदललं, तर स्टँड एका पायाचं निघालं. मूल बसवताना सायकल कलंडते. आणि दर वेळी तेच, "चालकाने मागे व्हावं", मग फेरी, मग बॅटरी, मग नापास. पहिल्या रविवारी भावोजी त्यांना बाबा म्हणाले होते. नंतर ट्रकवाल्यांसारखे तेही साहेब म्हणायला लागले.

माझा संताप कशाने व्हायचा सांगू? यातला एकही नियम खोटा नव्हता. तारांत पाय जाऊन घोटा सोललेली पोरं मी पाहिली आहेत. बाबा खोटं बोलले असते तर त्यांच्याशी भांडता आलं असतं. सुरी सोन्याची होती, आणि ते ती रोज पुसून ठेवत होते. भावोजी एकदा समुपदेशक बाईंकडे तक्रार घेऊन गेले. बाईंनी विचारलं, दाखवलेला दोष खरा होता का? हा सरळ माणूस म्हणाला, हो, खरा होता. मग दुरुस्त करून घ्या, बाई म्हणाल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

थंडी सरली, ढब्बूचे बूट बदलले, बोबडे बोल सुटे झाले. रडणं तर कधीच थांबलं होतं. बाबांनी तिला मदतनीस केलं होतं. तपासणीच्या वेळी ती पायरीवर उभी राहून बॅटरी धरायची आणि बाबांनी भुवई उडवली की खणखणीत आवाजात म्हणायची, "नापास!" आमच्याकडे आलेली माणसं हसून लोटपोट व्हायची. फाटकाबाहेरच्या माणसाला ती नापासकाका म्हणायला लागली. ताई ते ऐकायची आणि भाजी निवडत राहायची. मी एकदा म्हटलं, अगं, तिला सांग की तो तिचा बाप आहे. ताई म्हणाली, योग्य वेळी सांगू, उगाच पोरीच्या डोक्यात गोंधळ नको.

मग मी बाबांकडे गेले. म्हटलं, अजून काय काय राहिलंय ते त्यांना एकदम सांगून टाका. ते बुटांना पॉलिश करत होते. म्हणाले, नियम मी केलेले नाहीत. मी म्हटलं, नियम नाही केलेत, पण पोर त्यांना विसरत चाललीय ते तुम्ही केलंत. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, तू कुणाच्या घरात राहतेस? तळपायाची आग मस्तकात गेली. पण राहत मी त्यांच्याच घरात होते.

दुसऱ्या दिवशी मी भावोजींच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या काचा, मधोमध जाड कापड अंथरलेलं मेज. ते एक काच कापत होते. कटर ओढला, काच मेजाच्या कडेला आणून दाबली, सरळ रेघेत दोन तुकडे झाले. मला पाहून त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते, ढब्बू बरी आहे ना? मग विचारलं, लांबून पायरीवर दिसते त्यावरून अंदाज येत नाही, आता उंच किती झाली असेल? मी माझ्या मांडीशी हात धरून दाखवला. त्यांनी पट्टीने तेवढं माप घेतलं. त्यांच्या खोलीची खिडकी उंच होती. ढब्बूला बाहेरचं दिसावं म्हणून भिंतीत खाली, तिच्या डोळ्यांपाशी, ते एक छोटी काच बसवणार होते. माप चुकायला नको, म्हणाले.

मागे भिंतीशी सायकल उभी होती आणि बैठकीत पुट्टीची पिशवी पट्ट्यांनी बांधलेली होती. रोज संध्याकाळी ते पुलापर्यंत जाऊन यायचे, वजनाची सवय व्हावी म्हणून. "वजन अंदाजानेच धरलंय," ते म्हणाले. "उचलून घेतलं नाही ना बरेच महिने." बापाला आपल्या पोरीचं वजन अंदाजाने धरावं लागतंय, आणि हे सगळं सुरक्षिततेच्या नावाखाली.

मी तपासनिसाची मुलगी. बाबांच्या मनात काय काय शिल्लक आहे, ते मला पाठ होतं. मी सगळं एकदम सांगितलं. ब्रेकचे रबर, मागचा दिवा, चमकणारी पट्टी, घंटी, साखळीवरचं झाकण, चाकांतली हवा, बैठकीचा प्रत्येक नट. हँडलला पिशवी अडकवायची नाही. पोरीला शेवटी बसवायचं आणि आधी उतरवायचं. भावोजींनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. निघताना मला म्हणाले, तुझे उपकार झाले. मला शरमच वाटली, पण आनंदही झाला. वाटलं, एकदाचा हा खेळ संपणार.

रविवारी ते आले तेव्हा बाबांनी नेहमीसारखी फेरी मारली. मग उलटी फेरी मारली. खाली बसले, चाक फिरवून पाहिलं, ब्रेक दाबला, पट्टा ओढला, बैठक दोन्ही हातांनी हलवली. ढब्बूच्या डोक्यावर हेल्मेट घालून भुवईवर दोन बोटं ठेवली आणि हनुवटीखाली एक. सगळं बरोबर होतं. भावोजी ठरल्याप्रमाणे मागे उभे होते, हात पाठीशी. मी दारात उभी राहून मनातल्या मनात नवस बोलत होते. बाबा उठले, गुडघे झटकले. माणूस कसाही असो, खोटा शेरा त्यांनी कधी दिला नव्हता.

"पास," ते म्हणाले.

भावोजी खाली बसले आणि त्यांनी हात पसरले. "ये गं बाळा," ते म्हणाले. ढब्बू हलली नाही. हेल्मेट घातलेलं, बॅटरी हातात. तिने एकदा बाबांच्या भुवईकडे पाहिलं. भुवई हलली नाही, तरी ती पाठ केलेलं बोलावं तसं स्पष्ट बोलली.

"अनोळखी माणसाच्या सायकलवर बसायचं नसतं."

भावोजी हसले. त्यांना खरंच गंमत वाटली असावी. "मी अनोळखी होय? बरं, सांग बघू, मी कोण?"

"नापासकाका," ढब्बूने लगेच सांगितलं.

त्यांचे हात तसेच पसरलेले राहिले. मी पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेले, म्हटलं, ढब्बू, हे तुझे बाबा आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग, हे खरं का, असं विचारायला आजोबांकडे पाहिलं. बाबा सायकलकडे पाहत होते. भावोजी उठले आणि खिडकीशी गेले. तिथे ताई उभी होती. त्यांनी तिला नावाने हाक मारली, आणि म्हणाले, "तू फक्त एकदा तिला सांग. बाकी मला काही नको."

मला वाटतं, ताई बोलणार होती. तिचे ओठ हलले होते. पण तेवढ्यात बाबा म्हणाले, "पोर बरोबर बोलली. नियम आहे तो. घाबरलेल्या मुलाला बळजबरीने सायकलवर बसवत नाहीत, ते अंग टाकतं, तोल जातो." आणि ताईने खिडकी लावून घेतली.

त्या क्षणी मला माझ्या बापाचा गळा दाबावासा वाटला, हे मी लिहून ठेवते. ढब्बू घाबरलेली मुळीच नव्हती. तिला शाबासकी हवी होती आणि ती तिला मिळाली. बाबांनी तिच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून भावोजींच्या हातात दिलं आणि तिचे केस नीट केले.

भावोजींनी हेल्मेट हँडलला अडकवलं. मग आठवून काढलं आणि मागच्या बैठकीत ठेवलं. पट्टे लोंबत होते. लोंबता पट्टा चाकात जातो, म्हणून त्यांनी ते हेल्मेटवरून घेऊन बक्कल लावलं, ओढून पाहिलं. फाटकाबाहेर पडून ते सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत गेले. मी त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले. ते म्हणाले, तू घरी जा, तुला बोलणी बसतील. खोलीतली काच बसवून झाली का, असं मी मूर्खासारखं विचारलं. झाली, म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी ते आले नाहीत. बाबा नेहमीच्या वेळेला ऑफिसचे बूट घालून फाटकाशी उभे होते, शेजारी ढब्बू बॅटरी घेऊन. ऊन पायरीवर चढलं तसे ते आत आले. चहा मागितला आणि ताईला म्हणाले, "मी सांगत नव्हतो? ज्याला पोरीची ओढ असते, तो असा मध्येच सोडून देत नाही."

ताईने मान हलवली आणि खाली बसून ढब्बूच्या पायातले बूट काढले.