निकानोराच्या रक्तातला मी

मी एका पेशीचा परजीवी. शागास नावाचा आजार माझ्यामुळे होतो. माझी बाजू मांडायला मी बोलत नाहीये. तशी बाजू मला नाहीच.

बोलिव्हियात आयकिलेजवळ एक मातीचं घर होतं. त्याच्या भिंतींच्या फटीत विंचुका ढेकूण राहायचे. त्यांच्यातून मी निकानोरा चोकेविल्काच्या अंगात शिरलो, तेव्हा ती सात वर्षांची होती. पुढे चाळीस वर्षं ती मक्याची चिचा दारू गाळत राहिली आणि मी तिचं हृदय पोखरत राहिलो.

तिची मुलगी योवाना कोचाबांबाच्या एका प्रयोगशाळेत लागली. आईच्या रक्तातून तिनं मला काढलं आणि बाटलीत वाढवलं. तिला माझं बटण हवं होतं. जनुक वाचायला कुठून सुरुवात करायची, हे सांगणारा डीएनएचा तुकडा जनुकाआधी असतो. त्याला प्रवर्तक म्हणतात. तो बंद पाडला की जनुक मुकं. योवाना माझ्या एखाद्या जनुकाआधीचा तुकडा घ्यायची, त्याला चमकणारं जनुक जोडायची आणि ते माझ्यात सोडायची. तुकडा खरा प्रवर्तक असेल, तर मी हिरवा चमकणार.

तीन वर्षं काही झालं नाही. मग एकदा मी चमकलो.

योवानानं लगेच गावी फोन केला. "आई, सापडलं गं."

"म्हणजे औषध?"

"औषधच म्हण. आता फार दिवस लागणार नाहीत."

त्याच महिन्यात निकानोराला पेसमेकर बसवायचा होता. "मग छाती कशाला चिरून घेऊ?" ती म्हणाली. "तुझं औषधच घेईन की." योवाना आनंदात होती. तिनं आग्रह धरला नाही.

मी चमकलो होतो, पण त्या तुकड्यामुळे नव्हे. माझ्या बहुतेक जनुकांना स्वतःचं बटण नसतंच. शेकडो जनुकांची रांग मी एका टोकापासून सलग वाचत सुटतो. मागाहून त्या वाचनातून बनलेल्या नकलेचे तुकडे करतो, हवे ते ठेवतो, नको ते मोडतो. योवानाचं जनुक त्या रांगेत मधेच जाऊन बसलं आणि इतरांसोबत वाचलं गेलं, एवढंच. सांगायला मला तोंड नव्हतं.

हे तिला पाच महिन्यांनी कळलं. ती तडक गावी गेली. निकानोरा उशांना टेकून बसली होती, बोलताना धापा टाकत होती.

"आई, माझं चुकलं. बटण नाहीच. सगळं एकदम वाचलं जातं, निवड नंतर होते."

"म्हणजे माझ्या चिचेसारखंच की. आधी सगळं एकत्र उकळायचं, गाळायचं मागाहून. मग गाळणीपाशीच धर ना त्याला."

"ते राहू दे. आधी उद्या दवाखान्यात जाऊ."

"जाऊ," आई म्हणाली. पहाटे तिचं हृदय थांबलं.

योवाना आता त्या गाळणीवरच काम करते. मी द्रव नायट्रोजनमध्ये, एका कुपीत गोठून पडलोय. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतले म्हातारे डॉक्टर म्हणाले, "योवाना, जागा नाही गं उरली. याहून चांगले वाण आहेत आपल्याकडे. ही जुनी कुपी टाकू या?"

तिनं कुपीवरचं बर्फ अंगठ्यानं पुसलं. "असू दे, डॉक्टर. आईच्या अंगातलं एवढंच उरलंय."

टाक मला, योवाना. तुझ्या आईचं माझ्यात काहीच नाही. माझंच तिच्यात फार होतं.