न दिसणारं रफू

काकूंचं रफू दिसत नसे, आणि याचा त्यांना भारी तोरा होता. कसरीने चाळणी केलेला कोट त्यांच्या हाताखालून गेला की भोक कुठे होतं ते मालकालाही आठवत नसे.

आणि नशिबाने गाठ पडली ती टाचणीशी! ओठांत कायम दोन टाचण्या धरणारी ही पोर कपड्यांचे नमुने काढायची. लोकांनी टाकलेले कोट गोळा करून गल्लीतल्या अकरा बायकांकडून ते लाल दोऱ्याने ढळढळीत सांधून घ्यायची.

"काकू, भोक लपवायचं नाही, मिरवायचं."

"ठिगळं मिरवायची? आमचा तर जन्म गेला ती झाकण्यात!"

पण काम होतं, म्हणून काकूही त्या अकराजणींत बसून लाल टाके घालू लागल्या. मग एका मोठ्या दुकानाने असे वीस कोट मागवले. ते पसंत पडले तर अकराजणींना वर्षभराचं काम मिळणार होतं. कोट तयार झाले आणि टाचणीला आठ दिवस आजारी आईकडे जावं लागलं. काकूंना राहवेना. एवढ्या मोठ्या दुकानात पोरीचं नाक कापलं जायला नको! त्यांनी बायकांकडून लाल दोरा उसवून घेतला, कोटाच्याच आतल्या शिवणीतले धागे काढले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर विसाच्या वीस कोटांना रफू केलं. असं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

टाचणी परतली त्याच सकाळी दुकानाची बाई आली. एकेक कोट उलटासुलटा करून म्हणाली, "सुंदर आहेत. पण हे तर नवे वाटतात."

टाचणीच्या ओठांतून टाचणी गळून पडली. काकूंकडे पाहून ती रागावलीसुद्धा नाही, आणि काकूंना तेच सोसेना.

"पुन्हा लाल टाके घालते ग."

"कशावर घालणार, काकू? भोकंच उरली नाहीत."

"मग... पाडू का भोकं?"

कोणी हसलं नाही. दुकानाची बाई वाईट नव्हती. ती म्हणाली, "कोट जुनेच आहेत यावर माझा विश्वास आहे हो, पण गिऱ्हाइकाला काय दाखवू? निदान एक जागा दाखवा. तेवढ्यावर मी सगळे घेते."

सगळ्याजणी कोटांवर तुटून पडल्या. कोणी उजेडात धरला, कोणी चष्मा पुसला. काही केल्या सापडेना. काकूंनी डोळे मिटले आणि एका बाहीवरून बोट फिरवत नेलं. कोपराशी काहीतरी टोचलं. धाग्याचं एक टोक वर राहिलं होतं.

चाळीस वर्षांची सवय! तोंडातून शब्द निघायच्या आत नखाने ते टोक आत ढकललं होतं.

काकूंनी डोळे उघडले. बोट उचललं गेलं होतं. "इथे होतं," त्या म्हणाल्या, "आत्ता इथेच होतं."

दुकानाच्या बाईने वाकून पाहिलं. तिथे नुसतं कापड होतं.